खुलासा: ‘स्टार ट्रेक’चे चेहरे बदललेले नाहीत

गणपतीत मालगुंडला आमच्या पडवीत सगळ्यांनी मिळून ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकन अंतराळ-मालिकेचा ‘द डूम्सडे मशीन’ हा भाग पाहिला. तेव्हापासून रत्नागिरीच्या मित्रमंडळात एक निरोप फिरतोय: रिमास्टर करताना (म्हणजे जुनी फिल्म नव्याने स्वच्छ, स्पष्ट करताना) एआयने कलाकारांचे चेहरे नव्याने काढले आणि मूळ भाग नष्ट केला. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हे काम मालिकेच्या चाळिसाव्या वर्षी, 2006 मध्ये सुरू झालं. मूळ 35 मिमी फिल्म नव्याने स्कॅन करून तिच्यावरची धूळ आणि ओरखडे काढले. कर्क, स्पॉक या मुख्य पात्रांचे चेहरे तेच आहेत, 1967 साली कॅमेऱ्यासमोर होते तेच. स्पॉकच्या भुवईचा केस न् केस आता दिसतो, म्हणून ‘नवीन’ वाटतो इतकंच. बदललं ते अंतराळातलं: यानं, ग्रह, स्फोट. ती दृश्यं संगणकावर पुन्हा केली. शीर्षकसंगीतही नव्याने वाजवून घेतलं.

मला स्वतःला या भागातलं जुनं मोडकं यान, ‘कॉन्स्टेलेशन’, जास्त आवडतं. ते बाजारात मिळणाऱ्या खेळण्याच्या किटमधून बनवलं होतं. किट होतं मालिकेतल्या मुख्य यानाचं, ‘एंटरप्राइज’चं; त्याच्या 1701 या क्रमांकाचेच आकडे उलटसुलट करून त्यावर 1017 चिकटवला. ही हातची करामत पुसली गेली असती तर मलाही वाईट वाटलं असतं.

पण ती पुसलेली नाही. मालिकेच्या ब्लू-रे डिस्कच्या संचात जुनी आणि नवी, दोन्ही दृश्यं आहेत. मेनूतून हवी ती निवडता येतात. ज्यांनी निरोप पुढे पाठवला, त्यांनी कृपया हेही पाठवा.