खुलासा : जॅकी मॅक्लीन यांनी सॅक्सोफोन सोडला नव्हता

‘जॅकी मॅक्लीन हार्टफर्डला शिकवायला गेले आणि त्यांचं वाजवणं संपलं’ असा मजकूर जॅझप्रेमींमध्ये सध्या फिरतो आहे. मॅक्लीन हे अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक, आणि हा मजकूर साफ चूक आहे.

ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीशी त्यांचा करार १९६७ मध्ये संपला, आणि थोड्याच काळात ते अमेरिकेतल्या हार्टफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. गैरसमजाचं मूळ इथंच असावं. पण १९७२ मध्ये कोपनहेगनच्या माँमार्त्र क्लबात त्यांची मैफल ध्वनिमुद्रित झाली. पुढच्याच वर्षी, त्याच क्लबात, सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनसोबतची ‘द मीटिंग’ ध्वनिमुद्रित झाली. ती जरूर ऐका : गॉर्डनचा टेनर (खालच्या पट्टीचा सॅक्सोफोन) ऐसपैस, निवांत, आणि मॅक्लीनचा ऑल्टो (त्याहून वरच्या पट्टीचा) नेहमीसारखा किंचित चढा, धारदार. हा वाजवणं सोडलेल्या माणसाचा सूर नव्हे! १९८८ च्या ‘डायनस्टी’ या अल्बममध्ये मुलगा रेने सोबतीला आहे.

खरा खंड आधीच्या काळातला. अमली पदार्थांच्या प्रकरणामुळे न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवण्याचा परवाना गेला, म्हणून त्यांना बराच काळ स्टुडिओवर भागवावं लागलं. ‘लिटल मेलोने’, ‘मायनर मार्च’ या रचना मात्र त्याच्याही आधीच्या, १९५० च्या दशकातल्या.

शिकवणं ही त्यांची निवृत्ती नव्हती. विद्यापीठातला जॅझ विभाग त्यांनी उभा केला. २००० मध्ये त्याला त्यांचंच नाव दिलं गेलं. पत्नी डॉली यांच्यासोबत वस्तीतल्या मुलांसाठी ‘आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह’ ही कलासंस्था काढली, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम तेच. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी कृपया ही दुरुस्तीही पाठवावी.