गायरानाचा हिशेब

गायरानावर सौरप्रकल्प उभारायचा की नाही, यावरून मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात दोन तट पडलेत. शेतीला दिवसा वीज हवीच. रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्याला साप-विंचवाचं भय काय असतं, ते मी जाणतो. पण “नाहीतरी पडीकच आहे” हे फिनलंडमध्ये बसून फोनवर ऐकलं की राहवत नाही.

पडीक कोणासाठी? ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. भूमिहीन घरातल्या बायका पहाटे तो वेचतात, पाण्यात चोळून गर काढतात, बिया सावलीत वाळवतात. बुरशी धरली तर माल वाया. एवढं करून पोतं जातं व्यापारी म्हणेल त्या भावाला. आणि त्याच शिवारातला डाळिंबवाला दुकानातून निंबोळी तेलाची बाटली आणतो! 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवली तर 100 लिटर फवारणीचं पाणी होतं.

रानबोरं, चिंच, शिंदीचे फडे, सीताफळं, पावसाळ्यातली पाथरी, तांदुळजा. गायरानातलं हे उत्पन्न कुठल्या पीकपाहणीत येतं? सोलापूर शहरातल्या हजारो बायका विड्या वळतात, त्यांचं तेंदूपानही दूरच्या जंगलातलंच.

इथे फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या खासगी रानातली बेरी, अळंबी कुणीही वेचू शकतं आणि ती विकून आलेल्या पैशावर वेचणाऱ्याला आयकर नाही. ऑगस्टमध्ये बाजारात मापानं विकल्या जाणाऱ्या बेरी पाहिल्या की या कायद्याचा हेवा वाटतो. मात्र कंपन्यांसाठी वेचायला थायलंडहून येणाऱ्या मजुरांच्या पिळवणुकीचे खटलेही इथेच झालेत. वेचण्याचा हक्क मिळाला तरी भाव दुसऱ्याच्या हातात असेल तर गरिबाच्या पदरात फार पडत नाही.

आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याच्या बळावर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2011 मध्ये स्वतःचा बांबू विकला. आमचं गायरान कागदोपत्री वन नाही, तिथे तो कायदा पोचत नाही. म्हणून ठरावाआधी ग्रामपंचायतीनं वर्षभर कोण काय वेचतं ते लिहून काढावं, झाडांचा भाग सोडून खडकाळ पट्टी प्रकल्पाला द्यावी, निंबोळी बचत गटानं एकत्र विकावी. आणि ग्रामसभा संध्याकाळी, रोजगारावरून बायका परतल्यावर घ्यावी. सकाळी अकराला त्या येऊच शकत नाहीत.