नाताळचे दान न स्वीकारण्याची पद्धत

नाताळच्या सकाळी पाळकसाहेब उपासनेत या वर्षीही सांगणार आहेत की, बेथलेहेमात जन्मलेल्या ख्रिस्तामध्ये देवाने माणसाला तारण (पापापासूनची सुटका) दिले, ते दान म्हणून दिले आणि त्याची किंमत आपल्याकडून मागितली नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही खानदानी माणसाला हे ऐकून अपमान वाटलाच पाहिजे. आपल्याकडे लग्नात कोणी 101 रुपये दिले, कोणी स्टीलचा डबा दिला, कोणी टॉवेल-टोपीवर भागवले, हे सारे आहेराच्या वहीत उतरवून घेतात आणि त्या घरी कार्य निघाले की थोडे वाढवूनच परत करतात. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असले, तरी वही घेतलेला माणूस मांडवात बसलेलाच असतो. तेव्हा देवाच्या आहेराचीही एक वही घालावी. एका बाजूस ‘पुत्र, नग एक’ असे लिहावे आणि दुसऱ्या बाजूस रविवारच्या हजेऱ्या, उपवास, मंडळीला, म्हणजे चर्चला, दिलेल्या खुर्च्या आणि पंखा मांडत जावे. पंख्याच्या पात्यावर दात्याचे नाव ठळक रंगवून घ्यावे. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बंद कोणी करत नाही, एवढीच काय ती अडचण.

शास्त्रवाचनात मात्र सावध राहावे. बायबलातल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौलाने आठव्या आणि नवव्या वचनांत स्पष्टच म्हटले आहे की, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, ते देवाचे दान आहे आणि कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांनी मिळत नाही. ही दोन वचने वाचली जात असताना खोकला काढावा आणि सत्कृत्यांचा उल्लेख असलेले दहावे वचन आले की मान डोलवावी. ती सत्कृत्ये दान मिळाल्यानंतरची आहेत, ते मिळवण्यासाठीची नव्हेत, हा क्रम कोणी दाखवून दिलाच, तर कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे हे याकोबाचे वाक्य तत्काळ पुढे करावे आणि चहाची व्यवस्था पाहायला उठावे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय तर उघडूच नये, कारण तिथे वेतन म्हणून फक्त पापाचे मरण मांडले आहे. सार्वकालिक जीवन आहे ते कृपादानाच्या खात्यावर.

मुलांचे नाटक बसवताना मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, पुढे उभे करावे, कारण त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस आणले होते आणि त्यांची वही कोणालाही सहज लिहिता येते. घोंगडी पांघरलेले मेंढपाळ मागच्या रांगेत, शक्यतो पडद्याआड असावेत. देवदूताने बातमी सर्वांआधी त्यांना दिली आणि ते गव्हाणीपाशी धावत आले, एवढे शुभवर्तमानकार लूक सांगतो. त्यांनी काही भेट आणल्याचे तो लिहीत नाही, हे मुलांच्या लक्षात येता कामा नये.

जालना तालुक्यातल्या कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला दाखला सांगणे विशेष धोक्याचे आहे. पहाटेपासून राबलेल्या मजुराला एक दीनार आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना आलेल्यालाही एकच दीनार, असा हिशेब करणारा मळ्याचा धनी आपल्या मजूर-मुकादमांना एक दिवसही परवडणार नाही. आपण जन्मापासून मंडळीत आहोत, तेव्हा पहाटेच्या मजुरांच्या बाजूने कुरकुर करणे हे आपले कर्तव्यच आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या आणि त्याला विनवणी केलेल्या त्या गुन्हेगाराचे प्रकरण तर केव्हाच फेरतपासणीला घ्यायला हवे होते: बाप्तिस्मा नाही, वर्गणी नाही, एका रविवारची हजेरी नाही आणि त्याच दिवशी सुखलोकात प्रवेश!

शेजारच्या वारकऱ्यापाशीही हा विषय काढू नये. नामदेवांच्या नरसीत आणि नाथांच्या पैठणात देवाला पतितपावन म्हणून हाक मारत आलेला तो माणूस, तपशिलात मतभेद असले तरी, कृपा म्हणजे काय हे पंखा देणाऱ्यापेक्षा लवकर ओळखण्याची भीती आहे.

पापदंडाच्या माफीपत्रांचा व्यापार पाहून मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये 95 प्रबंध मांडले आणि युरोपातली मंडळी फुटली. मात्र 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या करून मान्य केले की, देव माणसाला स्वीकारतो तो माणसाच्या पात्रतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने. एवढे जुने भांडण मिटल्याची बातमी आपल्या पंचकमिटीपर्यंत पोहोचू देऊ नये, नाहीतर पुढच्या रांगेतल्या खुर्च्या कोणत्या आधारावर वाटायच्या, हा प्रश्न उभा राहील.

इतके करूनही उपासनेच्या शेवटी एक अवघड प्रसंग उरतोच. प्रभुभोजनाची भाकर घेण्यासाठी हात पुढे करावे लागतात आणि ते रिकामे असावे लागतात. तेवढ्या वेळापुरते दानाचे पाकीट एका हातात घट्ट धरून ठेवावे. नाव लिहिलेली बाजू वर असावी.