रस्ता सार्वजनिक असेल, आमची न्हाणी नाही

"रोडवरून जे दिसतं ते शूट करायला कुणाचीच परवानगी लागत नाही. दिसू नये वाटत असेल तर पडदा लावा. पोलीस तक्रार घेत नाहीत. मोबाइलला हात लावलात तर केस तुमच्यावरच." हा मेसेज अंबाजोगाईत मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर आला. तेव्हापासून जुने वाडे दाखवायच्या नावाखाली गल्लीत कॅमेरा फिरवणाऱ्या पोराला कुणी हटकत नाही. मावशीनं संध्याकाळी ओसरीवर बसणं सोडलंय. स्वतःच्या घरात तिनं का लपून बसायचं?

पडद्याचा सल्ला देणाऱ्यानं मराठवाड्यातलं घर आतून पाहिलेलं दिसत नाही. कित्येक घरांत न्हाणी अजून अंगणातच असते. वर छत नाही, खांद्याएवढी भिंत किंवा पत्र्याचा आडोसा. उन्हाळ्यात लाइट गेली की बायका-लेकरं माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, झोपतात. आभाळाला पडदा लावायचा का? काठीला मोबाइल बांधून भिंतीवरून आत डोकावणाऱ्याला हा मेसेज 'मग तुम्ही आडोसा का नाही केला' एवढी सबब हातात देतो.

कायदा हे विचारतच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई वाचा. संमतीशिवाय कुणाच्या उघड्या किंवा फक्त अंतर्वस्त्रात असलेल्या गुप्तांगाचं चित्रण करणं, ते पाठवणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण कुणाला दिसणार नाही असं त्या माणसाला रास्तपणे वाटत होतं का, एवढंच बघायचं. तो सार्वजनिक जागी होता की खासगी, यानं फरक पडत नाही, असं कलमातच लिहिलंय. बाई असो की पुरुष, दोघांनाही ते लागू आहे. बाई आडोशाला अंघोळ करत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ सुद्धा लागतं: पहिल्यांदा एक ते तीन वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केलं तर तीन ते सात वर्षं. तो व्हिडिओ पसरवणाराही त्यात येतो. कॅमेरेवाला सरकारी रस्त्यावर उभा होता म्हणून सूट, असं दोन्ही कलमांत कुठंही नाही.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, तेही सांगते. घराचा दर्शनी भाग, दारातली रांगोळी, रस्त्यानं चालणारी माणसं टिपली म्हणून लगेच गुन्हा होत नाही. सुप्रीम कोर्टानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, पण त्याचा मुख्य रोख सरकारवर आहे. निव्वळ ओसरीच्या व्हिडिओवर त्या निकालानं गुन्हा दाखल होणार नाही. मोबाइल हिसकावू नका, हेही बरोबर. हिसकावला तर खरंच उलटी तक्रार होऊ शकते.

पण 'पोलीस घेत नाहीत' हे धादांत खोटं आहे. कलम ७७ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा; एफआयआर नोंदवावाच लागतो, आणि हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ठाण्यात नाही म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. व्हिडिओची लिंक, चॅनलचं नाव आणि स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, कारण पोरं तक्रारीचा सुगावा लागताच व्हिडिओ डिलीट करतात. ग्रुपवर टाकायचंच असेल तर हे टाका.