दमास्कसची तलवार आणि ते फॉरवर्ड

दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो: 'दमास्कसमध्ये बनलेल्या पोलादाची तलवार हवेतला रेशमी रुमाल कापायची. तापलेलं पातं गुलामाच्या शरीरात खुपसून थंड करत. ही विद्या आता कायमची लुप्त झाली.' तीन वाक्यं, तिन्हींत गडबड.

दमास्कस ही बाजारपेठ. तिथे विकल्या जाणाऱ्या नामांकित पात्यांचं पोलाद बरंचसं हिंदुस्थानातून जायचं. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमला मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून, सावकाश निववून पोलादाच्या वड्या पाडत. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इराणमधल्या इस्फहानचा एक व्यापारी तिथे स्वतः जाऊन माल घेत असल्याची नोंद आहे. अरबीत उत्तम तलवारीला 'मुहन्नद' म्हणतात, म्हणजे हिंदची. गंमत बघा, आपला 'पोलाद' शब्द मात्र फारसीतून आलेला. वड्या तिकडे गेल्या, नाव इकडे आलं!

रुमालाची गोष्ट गाजवली ती वॉल्टर स्कॉटच्या १८२५च्या 'द टॅलिस्मन' या कादंबरीनं. तिच्यात सुलतान सलाहुद्दीन बाकदार तलवारीनं उशी आणि तलम ओढणी कापतो. खऱ्या सलाहुद्दीनच्या काळात, १२व्या शतकात, तिकडच्या तलवारी बहुतेक सरळ पात्याच्या होत्या.

गुलामाचा किस्सा निव्वळ रंगवलेला. या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. लालभडक पातं एकदम गार केलं तर ते ठिसूळ होतं. इतका खर्च करून घडवलेलं पातं कोण असं मोडायला घालेल?

'लुप्त विद्या' हे मात्र अर्धं खरं. कारागिरांची परंपरा तुटली खरी. पण धातुतज्ज्ञ जॉन व्हर्होवेन आणि लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९०च्या दशकात तशी पाती पुन्हा घडवली. खनिजातल्या व्हॅनेडियम या धातूच्या अंशामुळे, पुन्हापुन्हा तापवून ठोकताना कार्बाइडचे (लोखंड-कार्बनच्या कठीण संयुगाचे) कण रांगेत बसतात, हे त्यांनी दाखवलं. पात्यावरच्या पाण्यासारख्या लाटा म्हणजे त्याच रांगा. इराणी कारागीर आणखी पुढे जायचे: पात्यावर आडव्या उथळ खाचा पाडून ते सपाट करायचे, की लाटांमध्ये शिडीच्या पायऱ्या उमटत. 'चाळीस पायऱ्या' हे त्या नक्षीचं नाव.

आणि मेसेजसोबतचा फोटो? दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून केलेली, आजची स्वयंपाकघरातली सुरी आहे ती. शेजारी कांदासुद्धा दिसतो.