‘नाजूक लोकांचा चोचला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कमरेच्या पट्ट्याची कॅमेऱ्याची बॅग का घ्यावी, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी मंगळवारी रात्री वाचली आणि मुद्दाम दोन दिवस थांबून उत्तर लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या मते लेख फार लांबला आहे, सात हजारांची बॅग सामान्य माणसाला परवडणारी नाही, साध्या कॉलेजच्या सॅकमध्ये टॉवेल गुंडाळून तुम्ही बारा वर्षं कॅमेरा नेता आहात, एका खांद्यावरून घ्यायच्या स्लिंग बॅगेवर मी अन्याय केला आहे आणि लेन्सचं वजन मी चुकीचं दिलं आहे. सुरुवात ‘ताई, राग मानू नका’ अशी आहे, आणि शेवटचं वाक्य असं: “खांद्यात दम असला की कुठलीही सॅक चालते, कमरेचा पट्टा हा नाजूक लोकांचा चोचला आहे.”

वजनाचं आधी मान्य करते. निकॉनच्या 200-500 लेन्सचं वजन मी 2 किलोच्या आसपास लिहिलं होतं. ट्रायपॉडची कॉलर, म्हणजे लेन्स ट्रायपॉडवर बसवायची कडी, काढली तर ती 2090 ग्रॅम भरते, कॉलरसकट 2300. मी कॉलर कधीच काढत नाही, तेव्हा 2300 हाच आकडा द्यायला हवा होता. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे मनापासून लिहिते आहे. फक्त एवढंच म्हणेन की वजन मी सांगितलं त्यापेक्षा जास्त निघालं, म्हणजे माझंच म्हणणं आणखी पक्कं झालं.

आता ‘राग मानू नका’ याबद्दल. एखाद्याला ताई म्हणायचं, राग मानू नका म्हणायचं आणि मग त्याला नाजूक ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? पट्टा निरुपयोगी वाटत असेल तर तसं लिहा, कारण द्या, मी ऐकेन. या लेखाखाली तीस-एक जणांनी शंका विचारल्या आहेत, काहींनी मला चुकीचंही ठरवलं आहे, पण एकानंही बॅग सोडून बॅग वाहणाऱ्याच्या अंगावर घसरण्याचं कारण काढलं नाही.

आणि दम कुणाच्या खांद्यात किती असतो, ते मी घरात पाहिलं आहे. माझे वडील ठाण्यात लग्नाचे फोटो काढायचे. याशिकाचा कॅमेरा, दिवसभर पुरतील एवढे रोल, मेट्झचा फ्लॅश आणि त्याची वीट वाटावी अशी बॅटरी, सगळं एका चामडी बॅगेत, आणि ती बॅग कायम उजव्या खांद्यावर. त्यांना नाजूक म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती. एका मुहूर्तावर नौपाड्यात आणि त्याच संध्याकाळी कळव्यात अशी दोन-दोन लग्नं त्यांनी उभ्यानं काढली. पन्नाशीला आले तेव्हा जांभळी नाक्याचा आमचा शिंपी त्यांच्या सदऱ्याचं माप घेताना उजवी बाजू वेगळी मोजायला लागला होता. न विचारता, न बोलता. खांदा बोटभर खाली गेलेला होता. शेवटच्या काही वर्षांत उजव्या हातानं वरच्या फळीवरचा डबा काढता येत नव्हता, आई काढून द्यायची. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. तो सदरा अजून कपाटात आहे, हँगरवर लावला की एका बाजूनं लोंबतो.

म्हणून त्या एका वाक्याचं उत्तर सविस्तर देते आहे.

माझ्या बॅगेत कॅमेऱ्याची बॉडी 720 ग्रॅम, ती मोठी लेन्स 2300, 18-140 ची लेन्स 490, एक लिटर पाणी, आणि रिकामी बॅग स्वतः दीड किलो. इथेच सहा किलो झाले. डबा, जादा बॅटऱ्या, टोपी, पातळ जाकीट धरलं तर साडेसहाच्या वर. हे वजन खांद्यावर तासभर जाणवतही नाही, हे मला मान्य आहे. पण ठाण्याच्या खाडीवर पक्ष्यांचे फोटो काढायचा दिवस तासाभराचा नसतो. भरती आली की खाडीतला चिखल बुडतो आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येतात, ओहोटी लागली की परत जातात. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांच्या आसपास अंतर. त्यांची ये आणि जा दोन्ही हवी असतील, तर पहाटे ठाण्याच्या 9-10 नंबर फलाटावरून गाडी पकडलेला माणूस दुपार उलटल्याशिवाय घरी येत नाही. त्यातला निम्मा वेळ तुम्ही चालत असता, निम्मा उभे असता. चिखलात बसायला जागा नसते.

अशा वेळी पट्टा काय करतो? तो पोटावर बांधायचा नसतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. बोटांनी चाचपून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची वरची कड शोधायची आणि पट्ट्याची गादी त्या कडेवर बसवायची. आधी कमर आवळायची, मग खांद्याचे पट्टे ओढायचे, शेवटी छातीचं बकल. क्रम उलटा केला तर पट्टा नुसता लटकत राहतो. नीट बसला की बहुतेक भार कमरेच्या हाडांवरून पायांवर उतरतो, आणि खांद्याच्या पट्ट्यांकडे फक्त बॅग पाठीला धरून ठेवण्याचं काम उरतं. पारख सोपी आहे: खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवा. सहज गेली तर भार कमरेवर आहे. गेली नाहीत तर तो अजून मानेवर आहे.

आणि हे प्रत्येक पट्ट्याला लागू नाही. इंचभर रुंदीची नुसती नायलॉनची पट्टी असते, तिनं बॅग हलायची थांबते, भार पेलला जात नाही. तुम्ही वापरून पाहिलेला पट्टा तसला असेल तर तुमचा अनुभव खराच आहे. पण तसं लिहायचं होतं ना!

पाठीची लांबी हा दुसरा भाग, तो मी लेखात दोन ओळींत उरकला होता. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या कडेच्या रेषेपर्यंत टेपनं मोजायचं. माझं माप 41 सेंटीमीटर भरतं. माझी पहिली ‘चांगली’ सॅक उंच माणसाच्या पाठीची होती. तिचा पट्टा माझ्या कमरेच्या पार खाली यायचा, चालताना मांड्यांवर आदळायचा, आणि दुकानदार म्हणाला, मॅडम, सवय होईल. दोन वर्षं मी सवयीची वाट पाहिली. मग मान आखडली, डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि फिजिओथेरपिस्टनं पहिला प्रश्न विचारला तो बॅगेचा. तीन महिने कॅमेरा कपाटात होता, आणि ते महिने जानेवारी ते मार्च होते. रोहित पाहायला नेणाऱ्या ऐरोलीच्या बोटी, गुलाबी झालेली खाडी, सगळं मी दुसऱ्यांच्या फोटोंत पाहिलं. त्यानंतर कुणी पट्ट्याला चोचला म्हणालं तर मी गप्प बसणार नाही.

बाकीचं थोडक्यात. टॉवेलनं तुमचं बारा वर्षं निभावलं, आनंद आहे. स्लिंग मी वाईट म्हटलेलीच नाही. एक बॉडी आणि एक छोटी लेन्स घेऊन तलावपाळीवर संध्याकाळी चक्कर मारायला तिच्यासारखी सोय नाही, पण सहा किलो एका खांद्यावर टाकायचे तर वर वडिलांचं लिहिलं आहे ते पुन्हा वाचा. किमतीबद्दल ज्यानं त्यानं आपल्या खिशाचा विचार करावा, मी कुणावर सक्ती केलेली नाही. लेख लांब वाटला तर अर्ध्यावर सोडायची मुभा होतीच.

एक गोष्ट मात्र तुमच्यामुळे आठवली, लेखात राहून गेली होती. आतल्या खणांचं वेल्क्रो. सीवूड्सला बांधाच्या आडोशाला शेकाट्यांचा थवा पंचवीस-तीस पावलांवर चरत होता आणि शेजारच्या मुलानं लेन्स बदलायला खण उघडला. त्या चर्र आवाजासरशी सगळा थवा उठला. तेव्हापासून मी लागणारा खण पाण्याजवळ जाण्याआधीच उघडून ठेवते आणि बाहेरून नुसती चेन लावते. बॅग पाठीच्या बाजूनं उघडणारी असेल तर आणखी बरं: पुढची बाजू चिखलात टेकवायची, पट्टे आभाळाकडे, कोरडे राहतात. खाडीचा तो काळा चिखल पट्ट्याच्या गादीत शिरला की दोन धुण्यांत वास जात नाही. आणि परतीच्या गाडीत शिरताना पट्टा सोडून सॅक पुढे घ्या, लोंबणारी बकलं आत खोचा, नाहीतर दारातल्या दांड्याला अडकतात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘नाजूक’ हा शब्द मागे घ्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पुढच्या रविवारी भरती सकाळी आहे, मी साडेसहाला सीवूड्स स्टेशनबाहेर असेन. टेप माझ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात असते. आलात तर तुमच्या पाठीचं माप घेऊ, आणि माझी बॅग तासभर तुम्हीच वाहून पाहा.