सापकांदा 36 वर्षांनी फुलत नाही

पाऊस सुरू झाला की एक संदेश हमखास फिरतो: ‘हिमालयात 36 वर्षांतून एकदाच उमलणारं नागपुष्प, दर्शन घ्या आणि पुढे पाठवा.’ आता त्याला आपल्या महाबळेश्वर-भीमाशंकरच्या रानात उगवणाऱ्या, नागाच्या फण्यासारख्या दिसणाऱ्या सापकांद्याचे फोटो जोडले जातात. खाली कुणीतरी भर घालतं: कंद उगाळून लावला की सापाचं विष उतरतं.

आधी ते 36 वर्षांचं. सापकांद्याचा कंद जमिनीखाली जिवंत असतो आणि पहिल्या सरींबरोबर दरवर्षी कोंब वर काढतो. सह्याद्रीतलं कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी फुलतं, त्यामुळे असा आकडा लोकांना खरा वाटतो. पण कारवी वेगळी. जुन्या संदेशातला फोटो तर वनस्पतीचाही नव्हता. तो समुद्रतळावर राहणारा, पोवळ्यांच्या नात्यातला ‘सी पेन’ होता.

‘नागाचा फणा’ म्हणजे फूल नव्हे, ते एक पान आहे. पुढे झुकलेला तो पांढरा फणा बोटानं अलगद उचला. आत दांडा दिसेल आणि त्याच्या तळाशी बारीक बारीक फुलं. फणा हिरवा असेल आणि आतून लांब शेपटी बाहेर येऊन वर वळली असेल, तर ती सापकांद्याची दुसरी जात. सावलीतल्या ओल्या पालापाचोळ्यातली चिलटं आत शिरतात आणि परागीभवन होतं. सापाला तिथं काही काम नाही.

औषधाचा दावा मात्र जिवावर बेतणारा आहे. हे अळू-सुरणाचंच कूळ, कंदात तोंड-घसा जाळणारे सुईसारखे स्फटिक असतात. विषारी साप चावला तर उपाय एकच, रुग्णालयातलं प्रतिसर्पविष. कुणी याला शेवळ ही रानभाजी समजून भाजीलाही नेऊ नये. शेवळाचा कोंब तपकिरी-जांभळट असतो, आणि ती भाजीसुद्धा आपल्या बायका काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालून, खाज मारूनच करतात.

गेल्या जूनमध्ये माझ्या नेहमीच्या वाटेवर, दरवर्षी फणे दिसतात त्या झाडाखाली, ताजे उकरलेले दोन खड्डे होते. या वंशातली झाडं लहान असताना नर असतात. कंद वर्षानुवर्षं पोसला की तेच झाड मादी होतं आणि लाल फळांचं कणीस धरतं. उकरणारा मोठा कंद बघूनच उकरतो. म्हणजे बी धरणारीच झाडं आधी जातात.